कोऱ्या हातांची परीक्षा

संस्थेच्या बाईंना मी मनातल्या मनात रकानेबाई म्हणायचो. माणूस समोर उभा राहिला तरी त्यांना दिसत नसे. कागदावरच्या रकान्यात बसला की मगच दिसायचा. शाळा सुटल्यावर पोरांना धंदा शिकवायची योजना त्यांच्या संस्थेनं काढली आणि माझं बुकबाइंडिंगचं दुकान त्यांना पसंत पडलं. का, तर दुकानात पंखा होता आणि मागे मोरी होती. चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय मी. त्याचा रकाना त्यांच्याकडे नव्हता.

आठ जागा. वय चौदा ते अठरा, शाळेत पंचाहत्तर टक्के हजेरी, घरच्या उत्पन्नाचा दाखला. इथवर ठीक. शेवटची अट मात्र अशी, की लिहिणाऱ्याच्या अकलेची कीव यावी: उमेदवाराला हे काम आधीपासून येत नसावं. म्हणजे वर्षाअखेरीच्या अहवालात छापता येतं, की पोरं कोऱ्या हातांनी आली आणि कारागीर होऊन गेली. ज्याला आधीच येतं त्याला दरमहा विद्यावेतन कशाला, असं रकानेबाईंचं म्हणणं. म्हणून चाचणी. प्रत्येकाला छापील कागदांचे दुमडलेले सहा फर्मे, एक सुई, थोडा दोरा. शिवून दाखवा. ज्याला जमलं तो बाद.

"काका, तुम्ही फक्त सामान द्या. निवड आम्ही करू," त्या म्हणाल्या.

हिचा मी कुठला काका? पण सामान दिलं आणि खुर्ची ओढून बसलो.

पोरं एकेक दिव्य होती. एकानं सुईत दोरा ओवायला पाच मिनिटं घेतली आणि मग फर्मा स्वतःच्या बाहीलाच शिवून टाकला. दुसऱ्याचं सगळं लक्ष पंख्याखालची जागा कुणाला मिळते याच्याकडे. तिसरा महागडा फोन कुरवाळत आला होता, उत्पन्नाचा दाखला मात्र असा, की वाचून रडू यावं. "पैसे खात्यात येणार ना, नक्की?" एवढंच त्यानं विचारलं. रकानेबाई प्रत्येकावर खूश. असे नग जमवायला एवढी मोठी संस्था लागते, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी एक मुलगी आली, पंधराएक वर्षांची. तिची आई खोक्यांच्या कारखान्याचा ॲप्रन घालूनच आली होती. ती दाराशीच थांबली.

"बाई, महिन्याचे हे पैसे मिळाले तर हिचं दहावीचं वर्ष निघेल," ती म्हणाली. "नाहीतर पहिल्या तारखेपासून हिला माझ्याबरोबर कारखान्यात न्यावं लागेल. सुपरवायझरला शब्द देऊन बसलेय मी."

"अर्जात आहे सगळं," रकानेबाई मान वर न करता म्हणाल्या.

मुलीनं काम वाईट केलं. इतकं वाईट, की शाबास म्हणावं. टाके वाकडे, दोरा सैल, गाठ भलत्याच टोकाला. मीही फसलो असतो. पण शिवायला घेण्याआधी तिनं सहाही फर्मे उभे धरून टेबलावर ठोकले, आधी कण्याकडून, म्हणजे घडीच्या बाजूनं, मग वरून, आणि अंगठा फिरवून कडा जुळल्या का ते पाहिलं. हे बघून येत नाही, करून करूनच येतं. आपण असं काही केलं, याचा तिला पत्ताही नव्हता.

रकानेबाईंनी 'अनुभव नाही' या रकान्यात खूण केली आणि पेनाला टोपण लावलं. "बघितलंत काका? निवड अशी डोळ्यांत तेल घालून करावी लागते. तुम्हा कारागीर लोकांना नाही कळायचं ते."

माझं टाळकं सटकलं.

"तेल कमी पडलं तुमचं," मी म्हणालो. "ही पोर कोरी नाही. हिच्या हाताखालून हजारो फर्मे गेलेत. कसे ठोकले ते पाहिलं नाहीत? आणि मला शिकवताय?"

रकानेबाईंचा चेहरा उतरला. तो उतरावा म्हणूनच मी बोललो होतो, आणि क्षणभर मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

"खरं का गं?" त्यांनी विचारलं.

मुलीनं आईकडे पाहिलं. "आई आधी घरी फर्मे दुमडायची. मी शेजारी बसून दुमडायचे. शिवायलाही येतं."

"मग नाही बसत गं तू." त्यांनी खूण खोडली आणि शेजारच्या रकान्यात केली.

"अहो, येतंय तर चांगलंच आहे की!" मी म्हणालो. "मला अशीच पोर हवी."

"नियम आहे."

"मग शिकवायला ठेवा माझ्या हाताखाली."

"त्याला अठरा पूर्ण लागतात. आणि काका, तुम्हीच तर सांगितलंत."

पैसे मी माझ्या खिशातून देतो, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग दुकानाचं भाडं आठवलं. इतका वेळ वळवळणारी जीभ नेमकी तेव्हा गप्प बसली, आणि मला स्वतःची किळस आली.

आईनं मुलीचं दप्तर उचलून आपल्या खांद्याला लावलं. मुलगी मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वाकडं शिवता यावं म्हणून आठ दिवस घरी सराव केला मी," ती म्हणाली. "हात वळतच नव्हता. शेवटी जमलं होतं." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं.