शेवटच्या धुण्याचं पाणी

वैष्णवीनं जेलचं ताट निळ्या दिव्यावर सरकवलं आणि खोलीतली ट्यूब बंद केली. दुसऱ्या रांगेत पट्टी उजळली, तर तिला नागपूरच्या परिषदेत पोस्टर लावायला मिळणार होतं आणि त्या पोस्टरच्या जोरावर पीएच.डी.ची जागा. अश्वजित सरांच्या बढतीच्या फायलीत एक शोधनिबंध कमी पडत होता, तो भरून निघणार होता. आणि फुलसावंगीच्या किसनरावांना, ज्यांच्या वावरातली माती त्या रांगेत होती, रस्त्याकडे तोंड करून एक पाटी मिळणार होती: या मातीत तुरीला मर लागत नाही. तिघांच्या मिळकतीत पाटीच सगळ्यात स्वस्त होती, आणि तिची हाव सगळ्यात मोठी होती.

दुसरी रांग उजळली.

"चला, झालं," सर मागून म्हणाले.

गोष्ट साधी होती. किसनरावांच्या तुरीच्या मुळाशी एक जिवाणू सापडला होता. मर रोगाच्या बुरशीला मारणारं द्रव्य तो तयार करतो, आणि ते कसं करायचं हे त्याच्या एका जनुकात लिहिलेलं असतं. ते जनुक नमुन्यात असलंच, तर पीसीआर मशीन त्याच्या कोट्यवधी प्रती काढतं आणि जेलमध्ये पट्टी दिसते. नसलं तर अंधार. तिसऱ्या रांगेत शेजाऱ्याच्या वावरातली माती होती, तिथं अंधार. चौथ्या रांगेत नुसतं पाणी, तिथंही अंधार. पाचव्या रांगेत किसनरावांच्या घरचं तुरीचं बियाणं होतं. ते कोणी मागितलं नव्हतं. जेलमध्ये एक खाच रिकामी होती आणि वैष्णवीला रिकामी खाच बघवत नाही, म्हणून तिनं ते घातलं होतं.

पाचवी रांगही उजळली.

"हे काय?"

"बियाणं, सर."

"कंटॅमिनेशन असेल. तेवढी रांग फोटोतून कापून टाक."

"पाण्याची रांग कोरी आहे, सर. मिसळलं असतं तर तिथंही दिसलं असतं."

"मग बियाला बाहेरून माती लागली असेल. परिषदेला नऊ दिवस राहिलेत, वैष्णवी."

"धुऊन पुन्हा लावते. तीन दिवस द्या."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांना नऊ दिवस मोजता येत होते, एवढंच. त्यांनी तीन दिवस दिले. वैष्णवीनं चार घेतले.

तिनं बिया ब्लीचमध्ये धुतल्या, स्पिरिटमध्ये धुतल्या, मग निर्जंतुक पाण्यात सहा वेळा. सहाव्या धुण्याचं पाणी फेकलं नाही, तेही नमुना म्हणून लावलं. सोबत किसनरावांच्याच वावरातली, पण जिथं कधी तूर पेरली नव्हती त्या कपाशीच्या बाजूची माती घेतली. चौथ्या दिवशी सरांना बोलावून तिनं ट्यूब बंद केली. शेवटच्या धुण्याचं पाणी कोरं होतं. कपाशीची माती कोरी. धुतलेल्या बियांच्या पिठाची रांग लख्ख उजळली होती.

"म्हणजे जिवाणू बियाच्या आत आहे," सर म्हणाले.

"हो सर. मातीचं काही नाही. बी त्याला सोबत घेऊन येतंय."

"किंवा आधी मातीत होता आणि तिथून बियात गेला. उलटंही असू शकतं."

सरांचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं होतं याचाच वैष्णवीला राग आला.

"मग ज्यानं ती माती कधी पाहिलीच नाही, असं बी पाहिजे," ती म्हणाली.

"पाच दिवस राहिलेत."

"हो, सर."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती फुलसावंगीत उतरली. किसनराव वावराच्या तोंडाशी खणायची सब्बल घेऊन उभे होते. पाटी यायची होती, पण तिच्या खांबांसाठीचे दोन खड्डे त्यांनी खणून ठेवले होते.

"ये पोरी. जागा पाय. यष्टीतून दिसन का नाई?"

"दिसन, काका. मले एक इचाराचं होतं. तुरीचं बियानं कुठचं हाय?"

"घरचं."

"त्याच्या आंधी?"

"घरचंच. बियान्याचं काय घेऊन बसली? माती इचार. माया बापानं या मातीत गाड्याच्या गाड्या शेनखत टाकलं, तुया सरच्या जन्माच्या आंधी."

"मंग तुमच्या बाबांच्या टायमाले तूर सुकत नव्हती?"

किसनरावांनी सब्बल खाली टेकवली. या मुलीनं आजवर शेतात येऊन नुसत्या पिशव्या भरल्या होत्या. पिशव्या भरणारी माणसं असं उलट विचारत नाहीत.

"सुके."

"मंग कधीपासून सुकून नाई राह्यली?"

किसनरावांनी दुसऱ्या खड्ड्याच्या काठावरची माती पायानं थोडी आत लोटली.

"कोकिळा गेली त्या सालापासून."

कोकिळाबाई म्हणजे त्यांची बायको. पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तीन दिवसांच्या तापानं गेल्या. त्या साली जूनमध्ये तूर त्यांनीच पेरली होती, आणि ती निघाली तेव्हा त्या नव्हत्या.

"त्या साली काकूनं बियानं कुठून आनलं होतं?"

नाल्यापलीकडं खडकाळ बरडीवर बंजाऱ्यांचा तांडा होता. किसनरावांनी तिकडं फक्त मान उडवली.

"रामीबाईले इचार. मी काई सांगत नाई. आन काय निंघालं ते मले येऊन सांगू नको."

रामीबाईचं वावर म्हणजे दगडांत जागा सापडेल तिथं माती. जीप जायला रस्ता नव्हता, म्हणून तिची तूर पाहायला आजवर कोणी अधिकारी गेला नव्हता, कोणी सर गेले नव्हते. ती दारात बसून तुराट्यांचा झाडू बांधत होती.

"आव, बेस," ती म्हणाली, आणि बसायला स्वतःखालचं पोतं ओढून दिलं.

"मावशी, तुमची तूर सुकते का?"

"कायले सुकन?"

"कोकिळाकाकूनं तुमच्यापासून बी नेलं होतं ना?"

"चार मापटे. तिच्या घरचं किडलं होतं. मालकाले सांगू नको म्हने, तांड्यातून आनलं म्हनून त्याले कमीपना वाटन."

वैष्णवीनं एक मापटं मागितलं आणि खरं ते सांगून टाकलं: "मावशी, याचं पीठ होते. हेच बी वापस नाई येनार."

"हेच कोन मांगून राह्यलं? आमच्यात बी इकत नाई. नेलं तं पेरनीच्या आत सवाईनं द्याचं. चार नेलं तं पाच. याच्याच वंशाचं पायजे मातर, दुकानातली थैली नाई चालत."

"काकूनं देल्लं होतं आनून?"

"मेली ना ते. पीक निंघाच्या आंधीच."

"मंग काकाले नाई मांगितलं?"

रामीबाईनं झाडूची गाठ दातांनी ओढली. "त्याले मालूम हाय. किती नेलं ते तिनंच तापात सांगतलं त्याले."

राखेत मुरवलेल्या बियाचं मडकं तिनं उघडलं, मापटं भरलं, वरचा ढीग हातानं सपाट केला आणि वैष्णवीच्या पिशवीत ओतलं. चिठ्ठी नाही, सही नाही. कॉलेजात एक बीकर न्यायचा तर तीन सह्या लागतात.

ते मापटं वाया गेलं. अर्ध्या बिया मशीनच्या चोविसाव्या फेरीत गेल्या, लाइट गेली तेव्हा. उरलेल्यांचं पीठ फ्रिजमध्ये आंबलं, कारण लाइट दीड दिवस आली नाही. वैष्णवी पुन्हा तांड्यावर गेली. रामीबाईनं काही विचारलं नाही. दुसरं मापटं ओतलं आणि दोन बोटं वर केली. देणं आता दोनाचं झालं; वैष्णवीनं मान डोलावली. परिषदेला तेव्हा दोन दिवस उरले होते.

परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी रामीबाईच्या बियांची रांग उजळली. तिच्या शेवटच्या धुण्याचं पाणी कोरं होतं.

सरांनी ट्यूब लावली, खुर्चीत बसले आणि चष्मा पुसला. छापून आलेलं पोस्टर कोपऱ्यात गुंडाळून उभं होतं. त्याच्या शीर्षकात 'माती' हा शब्द सगळ्यात मोठा होता.

"लावलं तर कोणाला कळणार नाही," ते म्हणाले.

"मला कळलंय, सर. तुम्हालाही."

"यंदाची जागा जाईल तुझी."

"पुढच्या वर्षी असेल ना?"

"असते. मिळेलच असं नाही."

"मग पुढच्या वर्षी मागू."

नागपूरला फोन सरांनीच केला. शीर्षक चुकलं आहे, पोस्टर मागे घेतो, एवढंच बोलले. फोन ठेवून म्हणाले, "रामीबाईंचं पूर्ण नाव लिहून आण. बियाणं कोणाचं, ते लिहावं लागेल." माणूस वाईट नव्हता हे वर म्हटलंच आहे, चांगला होता हे त्या दिवशी कळलं, आणि त्यांच्या फायलीला ते एका वर्षाला पडलं.

पुढच्या महिन्यात पुण्याच्या प्रयोगशाळेतून जनुकाची अक्षरं वाचून आली. किसनरावांच्या तुरीच्या मुळावरच्या जिवाणूची सहाशे आणि रामीबाईच्या बियातल्याची सहाशे. वैष्णवीनं दोन्ही एकाखाली एक मांडली. एकाही अक्षराचा फरक नव्हता.

मे संपत आला तेव्हा ती किसनरावांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"म्या सांगतलं होतं, मले सांगू नको म्हनून."

"सांगावं लागते, काका. कागदात जाईन, त्याच्या आंधी तुमाले मालूम पायजे."

"मातीत काईच नाई?"

"जे हाय ते बियातून आलं. तुमच्याच कपाशीच्या बाजूले नाई."

"म्हंजे नाव रामीबाईचं लागन."

"हो."

"आन मायं?"

"पयले तुमच्या वावरात दिसलं, असं लिहू."

"दिसलं," किसनराव म्हणाले. "दिसाले तं यष्टीतूनबी दिसते." आणि हसल्यासारखं केलं.

वैष्णवी उठली नाही. ज्याची पाटी तिनं काढून घेतली, त्याच्याच कोठीशी तिचं काम होतं, आणि ते झाल्याशिवाय ती जाणार नव्हती.

"काका, मी रामीमावशीचे दोन मापटे नेले होते. सवाईनं अडीच द्याचे हायेत. त्या वंशाचं बी तुमच्यापाशीच हाय, दुसरीकडं नाई. तुमी द्या, मी तुमच्या वावरात निंदाले येईन, काई बी करीन."

"लय डेरिंग हाय तुयात."

"हो, काका."

किसनराव तिच्याकडं बघत राहिले. मग आत गेले. कोठीच्या तोंडाचा बोळा काढल्याचा आवाज आला, मग मापट्यात तूर पडल्याचा. वैष्णवी बाहेरून मोजत होती. एक, दोन, मग अर्धं. आता थांबतील असं तिला वाटलं. आवाज थांबला नाही. तीन गेलं, चार गेलं, पाच. साडेसात झाले तेव्हा बोळा परत बसला.

किसनराव गाठोडं खांद्यावर घेऊन बाहेर आले. टोपी त्यांनी नीट केली होती.

"चाल."

पाच वर्षांत ते नाल्यापलीकडं गेले नव्हते. बरडी चढताना त्यांना दम लागला, पण थांबले नाहीत. रामीबाई दारातच होती. तिनं दोघांकडं पाहिलं, मग गाठोड्याकडं, आणि आतून स्वतःचं मापटं घेऊन आली. दुसऱ्याच्या मापानं ती घेत नसावी.

तिनं पोत्यावर आधी अडीच मापटी एका बाजूला ओतली. "हे पोरीचं." मग चार दुसऱ्या बाजूला. "हे कोकिळाचं." गाठोड्यात एक उरलं. ते तिनं फडक्यासकट किसनरावांकडं सरकवलं.

"हे कायचं?" तिनं विचारलं.

"सवाई. कोकिळाच्या चारची."

"मेलेल्या मानसाची सवाई आमी घेत नाई."

"मंग मायी समजून घे."

"तुमची काहून?" रामीबाईचा आवाज चढला नाही. "तुमी कुठं नेलं होतं?"

किसनरावांनी तोंड उघडलं. पाच वर्षं ते हेच सांगत आले होते, की आपण कुठून काही नेलं नाही, सगळं घरचं आहे. आता 'नेलं' म्हटलं, तर ते सगळं खोटं ठरणार होतं. त्यांनी फडक्याला गाठ मारली.

वैष्णवीनं वही काढून रामीबाईचं पूर्ण नाव विचारलं. रामीबाईनं ते नवऱ्याच्या नावाशिवाय सांगितलं, आणि तसंच लिही म्हणाली.

तर हिशेब असा. चार मापटी कोकिळाबाईंनी नेली, दोन वैष्णवीनं. वैष्णवीची यंदाची जागा गेली, पण तिच्या घरचा एक दाणा गेला नाही. सरांचा निबंध एक वर्ष लांबला. साडेसहा मापटी फिटली, ती सगळी किसनरावांच्या कोठीतून. उरलेलं एक मापटं कोणी घेतलं नाही, म्हणून ते त्यांच्याच खांद्यावर परत निघालं. नाल्यात उतरताना वैष्णवीनं हात पुढं केला, पण त्यांनी ते तिला धरू दिलं नाही.