पाव घराची मालकीण

माझी बहीण लोरेन हिने घर घेतलं ते बार्नीसाठी. बार्नी म्हणजे तिचा म्हातारा कुत्रा. जुन्या घरमालकाने घर विकायला काढलं, आणि इंग्लंडमधल्या आमच्या स्विंडन शहरात कुत्र्यासकट भाड्याने जागा द्यायला कुणी तयार होईना.

तेवढ्यात तिला कुठूनतरी कळलं की एका गृहसंस्थेचे नवे फ्लॅट सुरुवातीला पदरचा पैसा न भरता मिळतात. फुकटचं ते पौष्टिक! मला ओढत घेऊन गेली.

विक्रीवाली पोरगी गोड हसत म्हणाली, "पहिल्या दिवसापासून तुम्ही मालकीण!"

"केवढ्याची?" मी विचारलं.

"सध्या पाव हिस्सा. उरलेल्याचं भाडं आम्हाला द्यायचं."

"आणि नळ गळला तर?"

"घरातली दुरुस्ती मालकाने करायची असते, सर."

"म्हणजे भाडं देताना ही भाडेकरू आणि नळ गळला की मालकीण. वा!"

लोरेनने मला कोपराने ढोसलं. "नेव्हिल, गप्प बस. तू जन्मभर नगरपालिकेच्या घरात भाड्याने राहिलास. तुला काय कळणार मालकी?"

पाव हिश्श्यासाठी बँकेने पूर्ण कर्ज दिलं आणि बाईसाहेब राहायला गेल्या. बार्नीची झोपायची वेताची टोपली खिडकीपाशी ठेवली. महिनाभर फोनवर दुसरं काही नव्हतं. माझं दार, माझी खिडकी, माझी भिंत!

मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेला संस्थेचा माणूस दारात उभा राहिला. मी तिथेच चहा पीत होतो.

"मॅडम, या इमारतीत कुत्रा ठेवायला आमची परवानगी लागते. करारात लिहिलंय."

"अहो, पण मी मालकीण आहे!"

"आहात ना. पण इमारत आमची आहे."

"मग पाव कुत्रा ठेवू द्या," मी म्हणालो. तो हसला नाही. असल्यांना पगारच न हसण्याचा मिळत असावा.

तिने रीतसर अर्ज केला. नकार आला. विकून निघावं म्हटलं, तर फ्लॅटचे भाव उतरलेले. पदरचा पैसा भरलाच नव्हता, त्यामुळे विकूनही कर्ज उरलं असतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

बार्नी आता माझ्याकडे असतो, त्याच भाड्याच्या घरात. नगरपालिकेने एका शब्दाने हरकत घेतली नाही. लोरेन रोज संध्याकाळी येते, त्याला फिरवते आणि फाटकापाशी सोडून जाते. तो कितीतरी वेळ तिथेच बसून राहतो. मला त्या संस्थेचा असा संताप येतो की हातातला कप फेकावासा वाटतो.

परवा म्हटलं, "अगं, त्याची टोपली तरी इकडे आण. लादीवर झोपतो बिचारा."

"नको," ती म्हणाली. "घर त्याच्यासाठी घेतलंय. त्याचं काहीतरी तिथे असू दे."

मग मीच बाजारातून दुसरी टोपली आणली. जुनी अजून तिच्या खिडकीपाशी आहे. टोपलीला परवानगी लागत नाही.