कुलपातल्या मोटारी

तंत्रशाळेतल्या विद्युत यंत्रांच्या सरांचा फळा बघायला दुसऱ्या वर्गातली मुलंसुद्धा खिडकीशी थांबायची. मोटारीची आकृती काढावी ती सरांनीच. लाल खडूने रनिंगची कॉइल, निळ्याने स्टार्टिंगची, पिवळ्याने कपॅसिटर. गोल असा, की परकाराने झक मारावी. एकोणीस वर्षं सर ही आकृती काढत आले होते आणि एकोणीस वर्षं मुलं ती जशीच्या तशी उत्तरपत्रिकेत उतरवून पास होत आली होती. शंभर टक्के निकालाचा फलक फाटकावर कायमचाच ठोकलेला होता. दरवर्षी फक्त साल बदलायचं.

खऱ्या मोटारीही शाळेत होत्या, चांगल्या तेरा. मागच्या इमारतीत, प्रयोगशाळेत, कुलपात. यंत्रं आली त्या वर्षी प्राचार्यांनी ती मोजून घेतली, सही केली आणि त्याच दिवशी दाराला कुलूप घातलं. मोडतोड झाली तर चौकशी लागेल, हे त्यांचं म्हणणं. सरांनी सुरुवातीला दोनदा किल्ली मागून पाहिली होती. मग सवय झाली. आणि खरं सांगायचं तर, हळूहळू ते कुलूप सरांच्याही सोयीचं झालं होतं.

अशात एका सोमवारी सकाळी टॉपर येऊन उभी राहिली. तिला सगळे टॉपरच म्हणत. गेल्या वर्षी शाळेत पहिली आली होती. सरांना वाटलं, नोकरी लागल्याचं सांगायला आली असेल. पण बाईसाहेबांचा चेहरा काही वेगळंच सांगत होता. रडवेला नव्हता, चांगला तापलेला होता.

झालं होतं असं, की पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तिला मुलाखतीला बोलावलं होतं. फोरमनने प्रमाणपत्र बघितलंही नाही. समोर एक मोटार ठेवली, बटण दाबलं. मोटार नुसती गुणगुणली, फिरेना. काय बिघडलंय ते शोध म्हणाला. टॉपरने कागद मागून घेतला आणि पाच मिनिटांत सरांची आकृती काढून दिली, सुबक, नावांसकट. फोरमन कागदाकडे बघत म्हणाला की चित्र झकास आहे, भिंतीवर लावण्यासारखं आहे, पण मोटार अजून बंदच आहे. मोटारीला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर गेला होता. फळ्यावर पिवळ्या खडूत शेकडो वेळा पाहिलेला तो कपॅसिटर हाच, हे तिला समोर असून ओळखता आलं नव्हतं.

"सर, एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही कधी स्वतः मोटार भरली आहे?"

मोटार भरणं म्हणजे जळलेली तार काढून नवीन गुंडाळणं. सरांच्या तोंडाशी दोन-तीन उत्तरं आली. अभ्यासक्रम, वेळापत्रक, कुलूप. मुलगी समोर थेट डोळ्यांत बघत उभी होती.

"नाही," सर म्हणाले. "एकही नाही."

टॉपरने मान हलवली. तिचा राग कुठल्या कुठे गेला. सरांनाही जरा हलकं वाटलं. एवढी वर्षं आपण हे कुणालाच सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं.

बाजारामागच्या गल्लीत मोटारी भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्या मावशींचं दुकान होतं. चार पावलं रुंद, आत तांब्याच्या तारेची रिळं, दारात जळक्या मोटारींची रास आणि चोवीस तास वॉर्निशचा वास. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. बाकीचं सगळं वडिलांच्या हाताखाली. सुट्टी लागली तशी सर आणि टॉपर तिथे जाऊन उभे राहिले आणि शिकवाल का म्हणून विचारलं. मावशींना वाटलं, मास्तर थट्टा करताहेत. थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी छिन्नी-हातोडी सरांच्या हातात दिली आणि जळलेली तार उपटायला खाली बसवलं. पहिला आठवडा तेवढंच.

सरांच्या बोटांची चाळण झाली. टॉपरचा हात पटकन बसला. दुसऱ्या आठवड्यातच ती कॉइल खाचेत अशी सरकवायची, की मावशी नुसतं "हं" म्हणायच्या, आणि त्यांचं "हं" सहजासहजी मिळत नसे. सरांची तार मात्र सुटायची, अडकायची, तुटायची. मग सर त्यामागचं तत्त्व समजावून सांगायला लागत. मावशी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, ते सगळं खरं. आता तोंड मिटा आणि वेढे मोजा."

घरी वेगळीच मजा. इतकी वर्षं खडूने माखून येणारे हात काळेकुट्ट होऊन यायला लागले, तेव्हा बायकोने आधी साबण बदलला, मग खोदून खोदून विचारलं. खरं कळल्यावर ती पोट धरून हसली. मग तिने वर छताकडे बोट दाखवलं. घरचा पंखा दोन वर्षं बंद होता आणि विद्युत यंत्रांच्या सरांच्या घरी मिस्त्री बोलवायची तिला लाज वाटत होती.

सरांनी रविवारी पंखा उतरवला. दिवसभर जेवणाच्या टेबलावर पसारा. संध्याकाळी पंखा चढला, बटण दाबलं, पंखा सुरू झाला. सरांची छाती दोन इंच फुगली. बायको खाली उभी राहून अंदाज घेत होती.

"अहो, फिरतोय छान," ती म्हणाली, "पण वारा छताला लागतोय. आपल्याला कधी लागणार?"

दोन टोकं उलट जोडली गेली होती. पंखा उलटा फिरत होता. सर पुन्हा शिडीवर चढले. टोकं बदलली. या वेळी वारा खाली आला, टेबलावरचे कागद भुर्रकन उडाले आणि नवरा-बायको दोघंही ते गोळा करत घरभर हसत फिरले. दुसऱ्या दिवशी सरांनी ही गोष्ट मावशींना सांगितली. मावशींनी पहिल्यांदाच त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं.

सुट्टी संपली आणि सर थेट प्राचार्यांच्या खोलीत गेले. प्रयोगशाळा उघडा म्हणाले. प्राचार्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला: काही मोडलं तर जबाबदार कोण? सरांनी खिशातून लिहून आणलेला अर्ज काढला. त्यावर त्यांचं नाव आणि सही होती. प्राचार्य बराच वेळ तो कागद उलटसुलट करत बसले. मग सरांनी दुसरा अर्ज पुढे सरकवला: दर शनिवारी वाइंडिंगवाल्या मावशींना शिकवायला बोलवावं.

"त्यांची शैक्षणिक पात्रता काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"त्यांनी मला शिकवलंय," सर म्हणाले. "याहून अवघड परीक्षा मला तरी माहीत नाही."

किल्ली मिळाली, पण कुलूप गंजलेलं. शेवटी ते कापावंच लागलं. आत मोटारींवर प्लॅस्टिक जसंच्या तसं होतं. तेरांतल्या पाच चालूच होईनात, आतलं ग्रीस दगड झालं होतं. सर मनातून घाबरले, पण मुलं खूश झाली, कारण बिघडलेली मोटार म्हणजे आयतीच उघडायला मिळणार.

पहिल्या शनिवारी मावशी दारातच अडल्या. समोर तीस मुलं-मुली वह्या उघडून बसलेली. इतक्या जणांसमोर उभं राहून बोलायचं म्हटल्यावर त्या परत फिरायला लागल्या. सरांनी काही समजावलं नाही. टेबल ओढून खोलीच्या मध्यभागी आणलं, त्यावर मोटार ठेवली आणि स्वतः पक्कड घेऊन चुकीच्या जागी घातली, अगदी मुद्दाम. "अहो मास्तर, तिथे नाही!" मावशी ओरडल्या आणि तरातरा पुढे आल्या. त्यानंतर दोन तास त्या बोलायच्या थांबल्याच नाहीत.

टॉपर तोवर मावशींच्या दुकानातच काम करत होती. कारखान्यात पुन्हा जागा निघाली तेव्हा ती परत गेली. फोरमनने तिला ओळखलं, आज कागद हवा का म्हणून विचारलं. नको, टेस्ट लॅम्प द्या, ती म्हणाली. मोटारीचं झाकण काढून तिने आधी वास घेतला, मग दिवा लावून एकेक टोक तपासलं आणि स्टार्टिंगची कॉइल जळल्याचं सांगितलं. फोरमनने कधीपासून येतेस एवढंच विचारलं. ही बातमी तिने आधी मावशींना दिली आणि मग सरांना, या क्रमाचं सरांना जरासुद्धा वाईट वाटलं नाही. जरासं वाटलं, पण ते त्यांनी बायकोलाच सांगितलं.

त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला नाही. प्रत्यक्ष काम बघूनच गुण द्यायचे असं सरांनी ठरवलं होतं, आणि तिघांना मोटार फिरवता आली नाही. प्राचार्यांनी फाटकावरचा फलक उतरवला तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ते तिघं मात्र सुट्टीतही रोज येऊन बसायचे आणि पुढच्या परीक्षेत सुटले. सगळ्यांना काही नोकऱ्या लागल्या नाहीत. पण सात जण पंपांच्या कारखान्यात गेले, दोघी मावशींकडे राहिल्या, आणि एकाने आपल्या गावी स्वतःचं दुकान टाकलं.

पुढच्या वर्षी एका शनिवारी कारखान्याचं पत्र आलं. ते घेऊन प्राचार्य पहिल्यांदाच स्वतः प्रयोगशाळेच्या दाराशी आले. सरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत वॉर्निशने चिकट झालेले, म्हणून प्राचार्यांनीच ते वाचून दाखवलं. यंदा किती विद्यार्थी बाहेर पडणार आहेत आणि परीक्षेआधीच येऊन त्यांचं काम बघता येईल का, असं फोरमनने विचारलं होतं. प्राचार्यांनी तेवढी ओळ दोनदा वाचली. मग पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि टेबलावर काय चाललंय ते मान वाकडी करून बघू लागले.

कॉइल बांधणाऱ्या मुलीला तिसरा हात हवा होता. कोण उभं आहे ते न बघताच तिने कॉइलचं टोक प्राचार्यांच्या हातात दिलं.

"हे धरा," ती म्हणाली, "आणि अजिबात हलू नका."

प्राचार्य पाव तास हलले नाहीत.