कमानीखालची जागा

"आई, पोराला दे इकडे," फेस्ता म्हणाली.

हेल्पिसने नातवाला आणखी घट्ट धरलं. हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर, होड्या ओढून ठेवायच्या दगडी कमानींखाली ती दुपारपासून ठाण मांडून बसली होती. उभा जन्म तिने याच कमानींपुढे जाळी दुरुस्त करण्यात घालवला होता. गावामागच्या डोंगरातून धुराचा खांब चढला होता, पॉम्पेईकडचं आभाळ काळंठिक्कर पडलं होतं. इथे चिमूटभर राखच काय ती पडली होती, पण जमीन हादरायची थांबत नव्हती. होड्या माणसं भरून केव्हाच गेल्या होत्या.

"तुम्ही जा कुठं जायचं ते. पोरगं माझ्यापाशी राहील."

"आणि दूध कुणाचं पिणार, तुमचं?" जावई ओनेसिमुस खेचराचा लगाम धरून उभा होता. "नेआपोलिसचा रस्ता अजून मोकळा आहे, सासूबाई. तुम्ही खेचरावर बसा, निघू या."

"तुझ्या खेचराला अक्कल आहे, तुला नाही. ही तान्ही होती तेव्हाच्या मोठ्या भूकंपात रस्त्यानं पळाले ते भिंतींखाली गेले. मी हिला छातीशी धरून इथंच बसले. गाव पडलं, ही कमान हलली नाही. म्हणून ही आज मला तोंड वर करून बोलतेय."

ही हकिगत गावात सगळ्यांना पाठ होती. कमानींखालची निम्मी माणसं तिच्याच भरवशावर आली होती.

फेस्ता तिच्यासमोर बसली. "तेव्हा आजीनं तुला काय सांगितलं होतं गं?"

"देवळात चल म्हणाली होती."

"ऐकलंस तिचं?"

हेल्पिसने ऐकलं नव्हतं. ते देऊळ म्हातारीसकट कोसळलं होतं. पोर रडायला लागलं. फेस्ताने हात पुढे केले, पण ओढून घेतलं नाही. हेल्पिसने पोराला आपल्या शालीत गुंडाळलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"तू पण चल ना."

"उघड्यावर यायची माझी छाती नाही होत. वाटेत पूल लागेल, त्याच्यावर थांबू नका. जा आता."

खेचर चढण चढून दिसेनासं झालं, तशी ती ढसढसा रडली. एवढं राखलेलं लेकरू आपल्या हाताने मरणाच्या वाटेला लावलं, असं तिला वाटत होतं. बाजूची जागा मात्र तिने सोडली नाही. कुणी विचारलं की "माझी माणसं यायची आहेत" म्हणायची.

अंधार पडता पडता डोंगराच्या माथ्यावर आगीच्या जिभा दिसू लागल्या, आणि एक गरोदर बाई आली. या वेळी हेल्पिस ते बोलली नाही.

"आत ये, बाई. भिंतीला टेकून बस, तिथं काही होत नाही."

ती स्वतः कडेला सरकली. तिथून नेआपोलिसचा रस्ता दिसत नव्हता, तरी ती तिकडेच तोंड करून बसली.