गोळीला डावा कौल

मी थापा मारते हे अख्ख्या पूर्णगडाला ठाऊक आहे. पापलेटानं माझी नथ गिळली, मुंबई बघून आलं नि नथ परत देऊन गेलं, हे मी सांगितलं तर अर्धं गाव तोंड उघडं टाकून ऐकत होतं. पण शहाऐंशीच्या शिमग्यानंतर खरं बोलायची वेळ आली, तर घरचा माणूसच ऐकेना.

आमच्या ह्यांच्या छातीत कळ यायची. पाखाडी चढताना मध्येच पायरीवर बसायचे, घामानं चिंब. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "बाई, रक्ताच्या नळीला आतून पातळ अस्तर असतं. ते गळकं झालं की रक्तातली चरबी भिंतीत झिरपते नि वाट बुजते. ही गोळी चरबी कमी करील, मग झिरपणंही कमी होईल."

पहिली गोळी ह्यांनी उपाशीपोटी घेतली. थोड्या वेळानं तोंड, मान, छाती लालभडक! अंगभर जाळ नि खाज.

"अगो, देवी कोपली! तिला न विचारता औषध घेतलं मी!"

तसेच उठून देवळात. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. डावी पडली. गोळ्या बंद.

कळ कुठली बंद व्हायला! आता तर विहिरीवरून घरी येतानाही बसायला लागले. ओठ निळे. मी एसटी धरून पुन्हा डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "अहो, त्या गोळीनं कातडीखालच्या नळ्या फुलतात, म्हणून लाल होतं. जेवणावर द्या."

घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणतात, "पापलेटानं सांगितलं काय?"

मी रडले. पाया पडले. देवीची शपथ घेतली. ऐकतील तर ना! शेवटी त्यांच्यासमोर बसले नि एक गोळी मीच गिळली. बघता बघता कान तापले, गाल पेटले, अंगावर मुंग्या सोडल्यासारखं झालं.

हे घाबरले. "अगो, तुझ्यावर पण कोपली!"

"कोपू दे! लाल व्हायचं तर दोघं होऊ. तुम्ही गेल्यावर मी एकटी गोरी राहून करू काय?"

हे बराच वेळ मला पंख्यानं वारा घालत राहिले. मग पेजेचं ताट ओढलं, जेवले नि गोळी तोंडात टाकली.

गाल त्यांचे लाल झाले की नाही, मी बघितलंच नाही. मी त्यांच्या छातीकडे बघत बसले होते.