ताईच्या मानेवरचा तीळ

आठवड्याचे पाच दिवस ठिपके मोजायचे आणि उरलेले दोन दिवस ठिपके पुसायचे, असा बारक्याचा उद्योग होता. पाच दिवस तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बसून काचेच्या बशीत वाढलेले जंतूंचे पुंजके मोजायचा. एक पुंजका म्हणजे एक ठिपका; पेनाने खूण करायची आणि पुढे जायचं. शनिवार-रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून तो शहर पालथं घालायचा. सत्तावीस वर्षांचा झाला तरी घरात त्याला बारक्याच म्हणत. धाकटा म्हणून बारक्या, आणि कशातही बारकावे काढत बसतो म्हणूनही बारक्या, असं त्याची ताई सांगायची.

फोटोंच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. रस्त्याला हात लावायचा नाही. बस डेपोतले तेलाचे डाग, मंडईच्या छताची जळमटं, पादचारी पुलाचा उडालेला रंग, सगळं जसंच्या तसं ठेवायचं. घरच्या माणसांचा फोटो असला की मात्र त्याला राहवायचं नाही. भावजींच्या नाकावरचा फोड, आत्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं संगणकावर बसून साफ करायचा. जागा पुरत नाही म्हणून साफ केलेला फोटो तेवढा ठेवायचा आणि मूळचा उडवून टाकायचा.

"तुझ्या फोटोतली बायको मला दे आणि ही तू ठेवून घे," भावजी म्हणायचे. "ती निदान बोलत तरी नाही."

या सवयीने आपण कसे तोंडघशी पडलो आहोत, ते त्याला एका सोमवारी कळलं.

ताई शाळेत शिकवायची. ती फळ्यावर लिहीत असताना तिच्या सोबतच्या बाईंना तिच्या डाव्या कानामागे, मानेवर, एक काळा तीळ दिसला आणि त्यांनी हात धुऊन तिच्यामागे लागून तिला डॉक्टरकडे जायला लावलं. सोबत भावजी आणि बारक्याही गेले. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, मग मोजपट्टी लावली. सात मिलिमीटर. कडा वेड्यावाकड्या.

"कधीपासून आहे हा?"

"जन्मापासून असेल," ताई म्हणाली.

"लग्नात नव्हता," भावजी म्हणाले.

"लग्नात तुम्ही माझी मान बघत होतात?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मला विचाराल तर हा काढून तपासायला पाठवावा. वाढत असेल तर अजिबात थांबू नये."

"आणि वाढत नसेल तर?" ताई म्हणाली. "मला तर काही दुखत नाही, खुपत नाही. उगाच सुरी कशाला लावून घ्यायची? वाढलाय असं कुणीतरी दाखवा, मी आपण होऊन मान पुढे करते."

"हात्तिच्या, एवढंच ना?" भावजी म्हणाले. "घरात फोटोंची खाण आहे आपल्या."

तिघांनीही बारक्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी पुन्हा दाखवायला या, तोवर बघा. त्यापुढे मात्र वाट पाहू नका."

बारक्या भिंतीवरचा तक्ता वाचू लागला.

संध्याकाळी त्याने ताईचे डाव्या बाजूने काढलेले सगळे फोटो उघडले. चारशे एकवीस होते. एकातही तीळ नव्हता. सगळ्यांत मान कशी अगदी गुळगुळीत. दुसरीकडे शोधावं तर भावजींचा फोन गेल्या वर्षी पाण्यात पडलेला, ताईच्या फोनचा कॅमेरा आपल्या मनानेच चेहरे गोरेगोमटे करून ठेवणारा, आणि शाळेच्या फोटोंत ती तिसऱ्या ओळीत मुगाएवढी.

मंगळवारी कामावर त्याचं कशात लक्ष लागेना. एकाच बशीतले ठिपके पहिल्यांदा चौसष्ट भरले आणि दुसऱ्यांदा एकाहत्तर. टेबलाखाली पाय थाडथाड हलत होता.

"आज जंतू नाचतायत की तू?" शेजारी बसणाऱ्या बाई म्हणाल्या.

तो "सॉरी" म्हणाला, तिसऱ्यांदा मोजायला लागला, आणि तिसाव्या ठिपक्यावर पेन तसंच धरून थांबला. रस्ता! रस्त्याच्या फोटोंना त्याने कधी हात लावला नव्हता. आणि त्याची बॅग सांभाळायला म्हणून ताई कितीदा तरी सोबत यायची. फोटोच्या कोपऱ्यात घुसायची आणि वर त्याच्या शिव्या खायची.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी पळाला. शहराचे अकरा हजार फोटो होते. बोटीच्या धक्क्यावर ताई सापडली, पण गळ्याभोवती स्कार्फ. कारंज्यापाशी सापडली, तर केस मोकळे. मासळीबाजारात नाकाला रुमाल लावून उभी होती, पण उजवी बाजू दिसत होती. याच शहरात तो इतकी वर्षं उजेड बघत, सावल्या बघत हिंडला होता. आता त्याला नुसते कान दिसत होते. बसवत नव्हतं म्हणून तो उभा राहून फोटो सरकवू लागला. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा निवला.

ऊन उतरता उतरता एक फोटो हाती लागला. तीन वर्षांपूर्वीचा. एक किल्लीवाला यंत्रावर वाकून किल्ली कापतोय, आणि मागे, कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या फळीला टेकून ताई उभी. केस वर बांधलेले, डावी बाजू पुढे, कानामागे ठिपका. तो त्याने मोठा करून मोजला. एकोणीस पिक्सेल.

पण एकोणीस पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर? मोजायला फोटोतच काहीतरी ओळखीचं माप हवं. कानातल्या रिंगा तिने केव्हाच हरवल्या होत्या. मात्र कानाला जवळजवळ चिकटून एक गोल डोक्याची किल्ली लटकत होती. ताई फळीलाच टेकलेली, म्हणजे किल्ली आणि मान कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. किल्लीचं डोकं भरलं एकशे बावन्न पिक्सेल. ते डोकं खरोखर किती रुंद आहे, एवढं कळलं की झालं.

बुधवारी पुन्हा रजा टाकून, सकाळीच, मिलिमीटरचाही दहावा भाग मोजणारं व्हर्नियर कॅलिपर खिशात टाकून तो किल्लीवाल्याकडे गेला.

"कुलूप कुठलं?" किल्लीवाल्याने मान वर न करता विचारलं.

"कुलूप नाहीये."

"मग किल्ली कशाची करायची?"

"करायची नाही. मोजायची आहे."

आता किल्लीवाल्याने मान वर केली. "कुणाच्या दाराची?"

बारक्याने घाईघाईने फोटो पुढे केला. किल्लीवाल्याने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. "अरे, हा तर मी! केस होते की मला! कधी काढलास?"

"तीन वर्षं झाली."

"आणि मला आज दाखवतोयस? छान. या बाई कोण?"

"माझी ताई. ही तिच्या कानापाशी आहे ना, तीच किल्ली हवी."

"ती नाही येत आता." त्याने बारक्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. खालचा पत्र्याचा डबा ओढून गल्ल्यावर उपडा केला, खळखळ चिवडला आणि एक गंजकी किल्ली काढून दिली. "घे. मोज बाबा."

बारक्याने तीनदा मोजलं. चोवीस, चोवीस पूर्णांक एक, चोवीस. मग पावतीच्या मागे गणित मांडलं. तीन मिलिमीटर. चूक धरली तरी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. त्याने सगळं पुन्हा केलं, कारण उत्तर सात यावं असं त्याला फार वाटत होतं. पुन्हा तीनच आलं.

"पाणी देऊ का रे?" किल्लीवाल्याने विचारलं.

दुपारी ताई जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसली होती. त्याने फोटो आणि पावती समोर ठेवली. तिने लाल पेनाने गणितावरून नजर फिरवली, सवयीने.

"गणित बरोबर आहे," ती म्हणाली. "पण फोटो एकच आहे. कॅमेऱ्यावर धूळ बसते, तूच सांगत असतोस."

"धूळ असती तर आधीच्या आणि नंतरच्या फोटोतही त्याच जागी दिसली असती. नाहीये."

"मग बाकीच्या माझ्या फोटोंत दाखव. ढिगाने आहेत."

"त्यांत नाहीये."

"बघ! एकात आहे आणि बाकीच्यांत नाही. म्हणजे काय समजायचं मी?"

"त्यांतून मी पुसलाय, ताई."

ती पाहतच राहिली. "माझा तीळ? कितीदा?"

"चारशे एकवीस."

तिला आधी हसू आलं. मग ते थांबलं. "म्हणजे मला दिसत नव्हता, ह्यांना दिसत नव्हता, पण तुला दर वेळी दिसत होता."

बारक्या उभ्या उभ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून होता. "पुसायला एक गोल असतो," तो म्हणाला. "ठिपक्याएवढा करून ठिपक्यावर ठेवायचा. माउसचं चाक फिरवलं की तो मोठा होतो. आधी दोन खटके पुरायचे. मग तीन. या वर्षी पाच लागत होते. मला वाटायचं, मी हल्ली जास्त जवळून फोटो काढतो."

"काढत होतास?"

"नाही."

ताईने पेनाला टोपण लावलं. डावा हात मानेमागे नेला, बोटाने चाचपलं, हात लगेच खाली घेतला. वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवत होतं. मग तिने फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर लावला.

"उद्या सकाळची वेळ होती ना, तीच हवी. दाखवायला नाही, काढायलाच येतेय... हो, तयारी आहे. उपाशीपोटी यायचं का?" ती ऐकत राहिली. "बरं. बरं." फोन ठेवून म्हणाली, "खाऊन या म्हणते. तू रजा टाक उद्याची."

"टाकली आहे."

"ह्यांना तूच सांग. तो चारशे एकवीसचा आकडा मात्र सांगू नकोस, गावभर करतील."

तिने पुढची वही उघडली, एक पान उलटलं, परत मागे आणलं. मग वही टेबलावरून त्याच्याकडे ढकलली.

"एवढ्या बेरजा तपास," ती म्हणाली. "मला आकडे दिसत नाहीयेत."

तो खाली बसला. पहिली बेरीज बरोबर होती. दुसरी त्याने तीनदा वाचली.