मुंकाचचा वेढा

दिवाळी सरली, राजेळी केळी पिकली आणि विनयाच्या अंगणात सुकेळी वाळवायचा मांडव उभा राहिला. केळी सोलायला मार्थामावशी आणि धोंडूबाई नेहमीसारख्या आल्या. सोलता सोलता गोष्ट सांगायचे ते विनयाचे बाबा, जयवंत. ते पावसाळ्यात गेले.

“गेल्या साली गोष्ट कुठं र्‍हायली?” धोंडूबाईने विचारलं.

विनयाला आठवत होतं. हंगेरीतलं राकोत्सी घराणं. ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या फौजेने त्यांचा मुंकाचचा किल्ला वेढलेला, आणि आत घराण्याची सून इलोना मुलगा नि मुलगी दोघांना घेऊन झुंजतेय. “नवरा फौज घेऊन येतोय तिचा,” असं सांगून बाबा उठले होते.

पुढचं विनयाने वाचलं होतं. नवरा येत नाही. बाबांना खोटं पाडायचं, तेही ते नसताना?

“दुसरी सांगते,” ती म्हणाली.

“दुसरी नको!” धोंडूबाई म्हणाली. “वरीसभर त्या बाईला किल्ल्यात ठेवलीय आमी. तांदूळ तरी उरलेत काय आत?”

“सांग गं,” मार्थामावशी हसली. “वसईच्या वेढ्यात माझे आजे-पणजे फिरंग्यांसंगती किल्ल्यात होते नि या धोंडूबाईचे बाहेर, मराठ्यांत. वेढ्याला कोन घाबरतंय?”

विनयाने हातातलं केळं खाली ठेवलं. “नवरा आला नाही, मावशी. बाबा चुकले.”

“चुकला नाय,” मार्थामावशी सोलतच म्हणाली. “मी डोळे पुसत होते म्हनून बोलला तो. येनार नाय ते मला तवाच कळलं.”

विनयाने खाली ठेवलेलं केळं पुन्हा उचललं. मग ती सांगू लागली. तिसऱ्या वर्षी किल्ला पडला. बादशहाने मुलाला दूरच्या शाळेत धाडलं, आईला नि मुलीला मठात. आई-मुलाची पुन्हा भेट नाही. मुलगा मोठा झाला, परतला, कोयते घेऊन शेतकरी त्याच्याभोवती जमले.

“आयने बघितलं?” धोंडूबाईने विचारलं.

“नाही. त्याच वर्षी, थोडीच आधी गेली.”

मार्थामावशीने कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूसाची खूण केली. धोंडूबाईने नाक ओढलं.

“मंग पोर जिकला का हरला?”

“आठ वर्षं लढला.”

“आठ!” धोंडूबाईने दुसरा घड पुढ्यात ओढला. “मंग घाई कसली? बैस नीट. कोयतेवाले आले तिथपासून सांग, नि जरा मोठ्यानं.”

विनया पाटावर मांडी घालून बसली. नदीपलीकडे माणसं जमलीत, निम्मी अनवाणी, हे सांगताना तिला आपलंच हसू आलं. तिच्या गोष्टीत जमलेल्यांतला एक थेट धोंडूबाईसारखा बोलत होता.